बिगारीतून पुढे काय? फिटर, शटरिंग, रिपेअर की आयटीआय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २३, दहावी पास, मराठवाड्यातून येऊन पुण्यात वाकडच्या बाजूला टॉवरच्या साइटवर दीड वर्षं बिगारी. गावी दोन एकर कोरडवाहू. मशिनं वाढत चाललीत, तर दहा वर्षांनी हे काम राहील का? आयटीआय करावा, दुसरा धंदा बघावा, की मुकादम म्हणतो तसं ‘टिकून राहावं’?

बांधकाम चालूच राहणार. कमी होतंय ते ओझं वाहण्याचं काम, आणि नेमकं त्याचेच पैसे तुम्हाला आज मिळतात. मोठ्या साइटवर घमेल्यांची रांग लावून स्लॅब भरणं जवळजवळ संपलं. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी येते, पंप लावला की सहा घनमीटर माल अर्ध्या तासाच्या आत वर जातो. खाली-वर तीस-चाळीस माणसं लागायची तिथे आता पाइप धरायला तीन-चार, व्हायब्रेटरवर दोन आणि पातळी काढायला दोन-तीन पुरतात. विटेच्या जागी ६०० × २०० × १५० मिमीचा एएसी (हलक्या काँक्रीटचा) ब्लॉक आला. एक ब्लॉक साधारण नऊ विटांची जागा घेतो आणि तो तीन मिलिमीटरच्या तयार मसाल्यावर बसतो, म्हणजे वाळू चाळणारा आणि माल कालवणारा गेला. आतून जिप्सम प्लास्टर असेल तर पाणी मारणाराही गेला. ॲल्युमिनियम शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, असेल (साइटवर सरसकट ‘मायवान’ म्हणतात) तर भिंत आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटचे होतात, मग गवंड्यालाच फारसं काम उरत नाही. त्यामुळे ‘आधी बिगारी, मग गवंडी’ हा जुना सल्ला तालुक्याच्या गावात आणि बंगल्याच्या कामावर अजून चालतो, वाकडच्या टॉवरवर तितका नाही.

घर छापणाऱ्या मशिनची भीती मात्र सध्या बाजूला ठेवा. बंगळुरूत २०२३ साली १,०२१ चौरस फुटांचं पोस्ट ऑफिस ४३ दिवसांत थ्रीडी प्रिंटरने उभं राहिलं, हे खरं. पण प्रिंटर भिंती उभ्या करतो. नळ, वायर, दारं-खिडक्या, वॉटरप्रूफिंग हे माणसाच्याच हातून होतं. तुमचं काम काढून घेणारी मशिनं याहून साधी आहेत आणि ती तुमच्याच साइटवर उभी आहेत: पंप, टॉवर क्रेन, हॉइस्ट (माल वर नेणारी लिफ्ट).

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. एक, दोन-तीन वर्षं कमाईशिवाय घर चालेल का. दोन, मुकादमाची उचल अंगावर किती आहे. उचल असेल तर गँग बदलण्याची गोष्ट ती फिटल्यावरच. तीन, गुडघे आणि कंबर आज कशी आहे. चार, साइट कंपनीची आहे की छोट्या बिल्डरची. या चारांची उत्तरं तुम्ही लिहिलेली नाहीत, म्हणून घरी पैसे पाठवावे लागतात आणि कमाई थांबवता येत नाही असं धरून पुढचं लिहितो.

माझा पहिला कौल सळईकामाला, म्हणजे फिटर होण्याला. कारण सळईचं काम कारखान्यात हललं तरी फिटरही बरोबर हलतो. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ४० मीटर लांबीचे, ९७० टनांचे गर्डर कास्टिंग यार्डात ओतले जातात, आणि त्यांचा सळईचा पिंजरा जिगवर (मापाच्या चौकटीवर) माणसंच बांधतात. कट-अँड-बेंडच्या मशिनवर सळई कापून-वाकवून आली तरी ती ड्रॉइंगप्रमाणे जागेवर बसवणं आणि बांधणं उरतंच. दुसरं कारण पैशाचं. सळईचं काम वजनावर मोजलं जातं. मोजता येणाऱ्या कामात चांगल्या हाताला जास्त मिळतं, हजेरीवर सगळे सारखे.

पण नुसती तार पिळता येणं म्हणजे फिटर नव्हे, तो हेल्परच. फरक ड्रॉइंग वाचण्याने पडतो, आणि ते दहावी पास माणसाला अवघड नाही. उदाहरण घ्या. ड्रॉइंगवर ‘टी१० @ १५० सी/सी बॉटम’ लिहिलंय. म्हणजे १० मिलिमीटरची सळई, मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटरवर, खालच्या थरात. खोली ३.६ मीटर रुंद असेल तर ३६०० भागिले १५० म्हणजे २४, त्यात एक मिळवा, २५ नग. एकेक सळई ४ मीटरची धरली तर १०० मीटर. वजन काढायला डायाचा, म्हणजे सळईच्या मिमीतल्या जाडीचा, वर्ग भागिले १६२: १० × १० ÷ १६२ = ०.६१७ किलो प्रति मीटर. म्हणजे या खोलीत एका दिशेला ६१.७ किलो सळई बसली. ८ मिमीला ०.३९५, १२ ला ०.८९, १६ ला १.५८, २० ला २.४७, २५ ला ३.८६. हे सहा आकडे पाठ असले की गँगचं बिल बरोबर निघालं की नाही हे तुम्ही स्वतः ताडून बघू शकता. बऱ्याच गँगमध्ये ते एकट्या मुकादमाला येतं, आणि त्याचं मुकादमपण बरंचसं त्यावरच टिकलेलं असतं.

दुसरं रिंगचं माप, म्हणजे लांब सळयांना वेढणाऱ्या चौकोनी कडीचं. बीम २३० × ४५०, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) २५, रिंग ८ मिमीची. बाहेरून बाहेर रिंग होते १८० × ४००. चारी बाजू मिळून ११६०. हुक १० डायाचे, ८० चे दोन, म्हणजे १६०. काटकोनाचे तीन बेंड, प्रत्येकी दोन डाया वजा, ४८. हुकाचे १३५ अंशांचे दोन बेंड, प्रत्येकी तीन डाया वजा, ४८. एकूण १२२४ मिमी. बारा मीटरच्या सळईत नऊ रिंगा बसतात आणि जवळपास एक मीटरचा तुकडा उरतो, तो खुर्चीला (वरची सळई उचलून धरणाऱ्या टेकूला) लागतो. अंदाजाने १३५० चा तुकडा कापणाऱ्याच्या आठच निघतात. दर सळईमागे एक रिंग गेली, हजार रिंगांच्या बीमकामात किती सळई भंगारात गेली ते तुम्हीच काढा. वेस्टेजवरून इंजिनिअर आणि ठेकेदार यांच्यात जी भांडणं होतात त्यांचं मूळ बहुतेक वेळा सळई कापायच्या टेबलावर असतं.

चुका कुठे होतात तेही बघून ठेवा, कारण चेकिंगच्या वेळी ज्याची गँग पास होते त्यालाच पुढचा स्लॅब मिळतो. सगळ्यात नेहमीची चूक बीमवरच्या वरच्या सळईची. स्लॅब १२५ मिमीचा, वरची सळई २० मिमी कव्हर ठेवून बांधलेली. पंपाचा पाइप ओढताना माणसं तिच्यावरून चालतात आणि ती ४० मिमी खाली दबते. स्लॅबच्या तळापासून सळईची उंची, जिच्यावर ताकद ठरते, साधारण १०० मिमीवरून ६० वर आली. मग वर्षा-दोन वर्षांत फ्लॅटवाल्याला बीमच्या रेषेत फरशीवर चीर दिसते आणि सगळे सिमेंटला दोष देतात. उपाय साधा: मीटर-मीटरवर खुर्च्या आणि चालायला फळ्या. दुसरी चूक कव्हरची. स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५० हे नेहमीचे आकडे, ड्रॉइंगवर वेगळे असतील तर ते. खाली खडी सारून कव्हर दिल्यासारखं करू नका, खडी सरकते आणि सळई फळीला टेकते. तिसरी, रिंगेचा हुक काटकोनात ठेवणं. तो १३५ अंशांत वळून टोक काँक्रीटच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर भूकंपात कव्हर फुटलं की रिंग उघडते. चौथी, कॉलमचे सगळे लॅप, म्हणजे सळयांचे जोड, एकाच पातळीवर घेणं.

शिकायचा क्रम असा ठेवा. मुकादमाला सांगून फिटर गँगमध्ये हेल्पर म्हणून जा, पहिले दोन-तीन महिने हजेरी तीच राहील. आधी बांधणी, मग कटिंग-बेंडिंग टेबल, मग खडूने मार्किंग, शेवटी बीबीएस, म्हणजे सळई कापण्याचा तक्ता. स्लॅबच्या आदल्या दिवशी इंजिनिअर चेकिंगला फिरतो तेव्हा त्याच्या मागे राहा. तो कुठे काय खोडतो ते खिशातल्या वहीत लिहा. चार-पाच स्लॅबमध्ये त्या वहीत जे जमतं ते बारा वर्षांच्या फिटरलाही सांगता येत नाही, कारण त्याला ते हाताने येतं, तोंडाने नाही. कामाचा वेग सांगायचा तर एक फिटर आणि एक हेल्पर साध्या स्लॅबमध्ये दिवसाला साधारण २०० किलो बांधतात. राफ्टमध्ये (पायाच्या जाड स्लॅबमध्ये) जाड सळई असते, आकडा वर जातो. जिन्यात निम्म्यावर येतो. त्यामुळे टनाचा दर ठरवताना काम कुठलं हे आधी विचारायचं.

तुमच्या साइटवर ॲल्युमिनियम शटरिंग असेल तर दुसरा चांगला रस्ता तोच. हे सुतारकाम नाही, आकडे टाकलेले तुकडे जुळवायचं काम आहे. पॅनेल एका माणसाला उचलेल इतकं हलकं असतं, जोडणी पिन आणि वेजवर (पाचरीवर). बिघडतं ते आळसाने: रिलीज ऑइल कमी लागलं की काँक्रीट पॅनेलला चिकटतं, चार वेज सोडल्या की भिंतीला पोट येतं, किकरची (वरच्या मजल्याची पॅनेलं ज्यावर बसतात त्या पट्टीची) पातळी चुकली की वरच्या मजल्याचा ओळंबा जातो. यात शिकण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे कशाला हात लावायचा नाही ते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे भिंतीच्या बाजूच्या प्लेटा १६ ते २४ तासांनी निघतात, पण ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४, आणि ६ मीटरवरच्या बीमचे २१ दिवस हलवायचे नाहीत. पॅनेल निघतं, टेकू जागेवर राहतो, म्हणून तर या पद्धतीत इतक्या लवकर पुढचा मजला चढतो. वरून घाई आली आणि कोणी टेकू काढायला सांगितलं तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा उचलू नका.

तिसरा रस्ता फार थोड्यांच्या लक्षात येतो: रिपेअर आणि वॉटरप्रूफिंग. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे आणि पुण्यातल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सोसायट्याही आता गळू लागल्यात. इथे क्रेन-पंप चालत नाहीत. पाच-सहा माणसांची गँग, परांची, हातोडी आणि डोकं. एक बीम नीट कसा होतो ते बघा. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ती हद्द खडूने मारायची. आधी टेकू, मग फोडणं. हा क्रम उलटा झाला की अपघात. सुटं काँक्रीट काढताना सळईच्या मागे बोट जाईल इतकं, २०-२५ मिमी, मोकळं करायचं. समोरचाच भाग साफ करून ठिगळ लावलं तर मागचा गंज दोन पावसाळ्यांत ते ठिगळ ढकलून पाडतो. गंज वायर ब्रशने काढून सळईला कोटिंग, सळई जास्त झिजली असेल तर इंजिनिअर सांगेल तशी जोडसळई, जुनं-नवं चिकटवणारा बाँड कोट ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका वेळी १०-२० मिमीचा थर, मग पाणी. यातली प्रत्येक पायरी गाळता येते आणि गाळली तरी त्या दिवशी दिसत नाही. म्हणून ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो असा कारागीर सोसायट्या आणि कन्सल्टंट शोधून काढतात. पावसाच्या तोंडावर तर दिवस कमी पडतात.

टाइल्सला पैसे बरे आहेत, पण दिवसभर गुडघ्यावर बसणं आहे. ग्राइंडरने कोरडी टाइल कापताना उडणारी धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात गेलेली ती परत निघत नाही. पाणी सोडून कापा, मास्क चांगला घ्या. सिमेंटचंही तसंच: ओला माल बुटात गेला आणि तसंच संध्याकाळपर्यंत काम केलं तर कातडी भाजते. गमबूट, रबरी हातमोजे, आणि लागलंच तर लगेच भरपूर पाणी.

आयटीआयबद्दल. गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड तुमच्यासाठी मी सुचवणार नाही, त्यातलं बरंचसं साइटवर पगार घेऊन शिकाल. शिकायचंच असेल तर ड्राफ्ट्समन सिव्हिल किंवा सर्व्हेयर, दोन वर्षांचे. टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) चालवणाऱ्या माणसाला रस्ते आणि मेट्रोच्या कामांवर मागणी असते आणि ओझंही उचलावं लागत नाही. पण घरचं भागत असेल आणि दहावीला गणित-विज्ञानात बरे मार्क असतील तर सरळ पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा जास्त किमतीचा. आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, मात्र त्यात चार वर्षं जातात. हे काहीच जमणार नसेल तर आरपीएल, म्हणजे आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन मिळणारं प्रमाणपत्र, घेऊन ठेवा. त्याने मुकादम दर वाढवत नाही. कंपनीच्या गेटवर आणि परदेशाच्या भरतीत विचारतात.

परदेशाचं उदाहरण मुद्दाम देतो. २०२३ च्या करारानंतर इस्राएलसाठी भरती झाली ती चार कामांना: शटरिंग, सळई, टाइल्स आणि प्लास्टर. महिना सव्वा लाखाच्या वरचे पगार ऐकून गर्दी झाली, पण हाताची चाचणी होती आणि नुसत्या बिगारीला त्यात जागा नव्हती. युद्धाच्या देशात जावं की नाही हे घरच्यांशी बोलून ठरवा. मात्र कुठेही जाल तर नोंदणीकृत एजंटच घ्या. त्याला कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत.

मुकादम होण्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. तीन-चार वर्षांनी होता येईल, पण आधी हा हिशेब करा. दहा माणसं, सरासरी ८०० रुपये रोज, २६ दिवस: २,०८,००० रुपये. माणसांना खर्ची दर आठवड्याला लागते, तुमचं बिल महिना-दीड महिन्याने पास होतं, त्यातून पाच टक्के रिटेन्शन (काही काळ रोखून ठेवलेली रक्कम) आणि एक टक्का टीडीएस कापला जातो. म्हणजे दोन-तीन लाख स्वतःचे अडकवायची ताकद नसेल तर ते पैसे व्याजाने येतात आणि सुटलेला नफा व्याजात जातो. चांगले फिटर मुकादम होऊन वर्षभरात परत हजेरीवर येतात ते बहुधा यामुळेच. काम येत नाही म्हणून नव्हे.

कागदांचं मात्र आजच बघा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयाच्या कामगाराला करता येते. अट मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्याची, आणि दरवर्षी नूतनीकरण. दोनदा मुकादम बदलल्याचं लिहिलंय, तर दाखला तिथेच अडकतो: जुना सही देत नाही, नव्याकडे दिवस भरलेले नसतात. साइट सोडतानाच सही-शिक्क्याचा दाखला मागून घ्यायची सवय लावा. हे मंडळ बांधकामाच्या खर्चावर घेतलेल्या एक टक्का उपकरातून चालतं, म्हणजे तो पैसा बिल्डरने आधीच भरलेला असतो. नोंदणी करून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला देऊ नका. कंपनीच्या साइटवर पीएफ कापला जात असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच ठेवा आणि पासबुक मोबाइलवर बघा. पगारातून कापलेला पैसा भरलाय की नाही ते तिथेच कळतं. ईएसआयसीचं (कामगार आरोग्य विम्याचं) कार्डही मागा, २१,००० पर्यंतच्या पगाराला ते लागू होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देण्याची तरतूद आहे. लेबर कॅम्पवर ते आपोआप हातात पडेल असं धरून चालू नका, पण मागायला आता आधार आहे.

राहिली गावची दोन एकर. पेरणीला जूनमध्ये जाणं आणि फिटर गँगमध्ये टिकणं फारसं आड येत नाही, कारण पावसात पायाची आणि रस्त्याची कामं तशीही मंदावतात. गँगा नव्याने जुळतात त्या दिवाळीनंतर, माणसं गावाहून परतली की. बदलीचं बोलायची वेळ ती. त्याआधी उचलीचा हिशेब मिटवून वहीवर मुकादमाची सही घ्या, नाहीतर नव्या गँगच्या पहिल्याच आठवड्याला जुना मुकादम गेटवर उभा असतो.